तिसरा मागी

रविवारी सकाळी सव्वाअकराला चर्चमध्ये शेवटचा आशीर्वाद झाला, लोक बाहेर येऊन आपापल्या चपला शोधू लागले, आणि तेवढ्या वेळात अमोस उजागरे यांनी शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या वर्गाच्या, टेबलावरचं चित्रांचं पुस्तक उचलून कोटाच्या आत घातलं.

रूथबाई भांबळ यांनी ते पाहिलं. त्यांच्या शेजारी उभं राहून मीही पाहिलं.

"साहेब, पुस्तक माझं आहे," बाई म्हणाल्या.

"मंडळीच्या टेबलावर होतं."

"टेबलावर माझा चष्मासुद्धा आहे."

"चष्मा आक्षेपार्ह नाही," उजागरे म्हणाले आणि त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

उजागरे जिल्हा परिषदेतून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि आमच्या चर्चच्या कमिटीचे चिटणीस होते. नगर जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, तिथलं हे दगडी, कौलारू चर्च. डिसेंबर ते फेब्रुवारी उजागरे कोट घालत आणि त्या काळात त्यांच्याशी वाद घालायला सहसा कुणी जात नसे. बाई माझ्या शाळेच्या बाई. निवृत्त झाल्यावर त्या फक्त दर रविवारी चर्चमधल्या लहान मुलांचा मराठी वर्ग घ्यायच्या. हा वर्ग जानेवारीपासून बंद करून इंग्रजी 'किड्स चर्च'मध्ये विलीन करावा असा ठराव येणार होता. सूचक अमोस उजागरे. कारण पटसंख्या. नाताळपर्यंत बाकं भरली तर वर्ग राहणार होता, नाही भरली तर नाही. बाईंना दुसरं काही नको होतं, आणि दुसरं काही त्यांना फारसं उरलंही नव्हतं.

ते पुस्तक त्यांना मी दिलं होतं. म्हणून त्या दिवशी मीही आरोपी होतो.

मी तेव्हा नगरच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. योएल दुशिंग या नावामुळे नाताळ, गुड फ्रायडे, केकची कृती आणि चर्चच्या जमिनींचे वाद ही खाती आपोआप माझ्याकडे आली होती. नोव्हेंबरअखेर आमचे वृत्तसंपादक मुळे यांनी मला बोलावलं.

"दुशिंग, पुरवणीला काहीतरी गोड द्या. नाताळात मुलांना वाचून दाखवायची नवीन चित्रपुस्तकं. चारशे शब्द. टोपीवाल्या म्हाताऱ्याचा फोटो घ्या."

"कुठली पुस्तकं, साहेब?"

"ते तुम्ही शोधायचं. तुमचा सण आहे. फक्त सगळ्या वाचकांना चालेल असं बघा. येशू जरा बेताचा ठेवा."

मी प्रकाशकांना फोन केले आणि पाच पुस्तकं मिळवली. माझं लग्न झालेलं नव्हतं, घरात मूल नव्हतं. पुस्तक मुलांना आवडतं की नाही हे मुलांसमोर वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या रविवारी आईकडे गेलो तेव्हा पाचही पुस्तकं बाईंच्या वर्गात नेली. वर्गात सात मुलं होती. त्यातली दोन भावंडं आई-बाप येईपर्यंत बसवून ठेवलेली होती.

पहिल्या चार पुस्तकांत बर्फ होता. एकात नाताळबाबा धुराड्यातून उतरत होता. शेरॉन पगारे नावाच्या तिसरीतल्या मुलीने हात वर केला.

"बाई, आमच्याकडे धुराडं नाही. तो मोरीतून येईल का?"

"मोरीला जाळी आहे ना तुमच्या?"

"आहे."

"मग अवघड आहे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या पुस्तकात एक अस्वल होतं. भाषांतरकाराने त्याच्या आईच्या तोंडी वाक्य घातलं होतं, 'आनंदी नाताळ तुला असो, माझ्या लहानग्या मधाळा.' बाईंनी ते मोठ्याने वाचलं, थांबल्या, पुन्हा मनात वाचलं आणि पान उलटलं. तिसऱ्याचं बटण दाबलं की गाणं वाजायचं. मुलांनी ते सेल संपेपर्यंत दाबलं. चौथ्या पुस्तकाच्या वेळी दोन्ही भावंडं बाकाखाली गेली होती.

पाचवं पुस्तक पुण्यातल्या एका छोट्या प्रकाशनाचं होतं, 'मागी निघाले'. मजकूर थोडा, बायबलातलाच. बाळ येशूला भेटायला 'पूर्वेकडून मागी लोक आले' असं आपल्या मराठी बायबलात लिहिलेलं आहे. चित्रं नामदेव गोंजारी नावाच्या कऱ्हाडकडच्या चित्रकाराची. बाईंनी पहिलं पान उघडलं आणि मुलांकडे फिरवलं.

त्या पानावर पहाट होती. आभाळात एक मोठा तारा, आणि त्याच्याकडे बघत तीन माणसं चाललेली. पहिल्याच्या डोक्यावर मोरपिसांची टोपी, हातात चिपळ्या. तो वासुदेव होता. दुसऱ्याच्या हातात कंदील, खांद्यावर घोंगडी. दिवस उगवायच्या आत दारात येऊन भविष्य सांगणारा पिंगळा. तिसऱ्याचे केस पाठीवर मोकळे, कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरू, हातात स्वतःच्या पाठीवर ओढायचा जाडजूड कोरडा. तो पोतराज होता. तिघांच्याही खांद्याला झोळ्या होत्या.

चित्रकाराने 'मागी' या शब्दाचा अर्थ 'मागणारे' असा घेतला होता.

पुढच्या पानांवर तिघं दारोदार मागत जात होते. एक म्हातारी सुपातून जोंधळे घालत होती. एक सोनार इकडेतिकडे बघून सोन्याची कणी टाकत होता. एका दारात कुत्रं अंगावर येत होतं. राजाच्या वाड्यावर त्यांना काहीच मिळत नव्हतं. शेवटी एका गोठ्यापाशी येऊन तिघं झोळ्या उतरवत होते.

बाकाखालची मुलं वर आली. त्या दिवशी बाईंना ते पुस्तक तीनदा वाचावं लागलं. पुढच्या रविवारी मुलांनी शेजारची मुलं आणली, त्यांच्यात दोन तांबोळ्यांची होती आणि एक देशमुखांचं. बाकं पुरली नाहीत. त्याच रविवारी सव्वाअकराला पुस्तक कोटात गेलं.

त्याच संध्याकाळी पाळकांच्या घरी कमिटी बसली. पाळक रेव्हरंड त्रिभुवन अध्यक्ष, उजागरे चिटणीस, महिला मंडळातर्फे माझी आई, आणि खजिनदार, जे चहा येईपर्यंत बोलत नसत. बाईंना आणि मला समोर बसवलं होतं. उजागरेंनी कोटातून पुस्तक काढून टीपॉयवर ठेवलं.

"ह्या पुस्तकात मागी लोकांना भिकारी दाखवलंय," ते म्हणाले. "गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आधीच लोक आपल्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. दुष्काळात भाकरीसाठी बाटलेले. आता आपणच मुलांना शिकवायचं, की आपल्या देवाला भेटायला झोळीवाले आले?"

पाळकांनी पुस्तक चाळलं. "चित्रं रंगीत आहेत," ते सावधपणे म्हणाले. "पण चूक आहे खरी. मागी म्हणजे मागणारे नव्हेत."

"मग म्हणजे कोण?" आईने विचारलं.

पाळकांनी पुस्तक मिटून टीपॉयवर ठेवलं.

"अगं शांताबाई, इतकी वर्षं ऐकतेस," पाळक म्हणाले.

"ऐकते. पण तुम्ही कधी सांगितलं नाही. मला वाटायचं जात असेल. माळी, कोळी, तसे मागी."

"जात कशी असेल?" उजागरे म्हणाले. "मेंढपाळ आधी आले. हे लोक मागनं आले. म्हणून मागी."

पाळकांनी डोळे मिटले. वीस वर्षं ते दर नाताळात त्याच अध्यायावर उपदेश करत होते.

"मागी म्हणजे ज्ञानी," ते म्हणाले. "ताऱ्यांचा अभ्यास करणारे पंडित. मूळ शब्द परदेशी आहे. आपल्या लोकांनी तो तसाच ठेवला."

"मग तसं दर वर्षी सांगत जा," आई म्हणाली. "नाताळच्या नाटकात तर आपण त्यांना राजे करतो. गेल्या वर्षी उजागरेसाहेबांचा नातू माझ्या शालूत होता. शालूला जरीवर डिंक लागला तो अजून निघाला नाही."

"विषयाला धरून बोला," उजागरे म्हणाले.

"शालू विषयाला धरूनच आहे," आई म्हणाली. "राजे म्हणून चालतात, मग वासुदेव म्हणून का नाही? बायबलात तर राजेसुद्धा म्हटलेलं नाही."

बाई इतका वेळ गप्प होत्या. आता त्या म्हणाल्या, "अर्थाचं तुम्ही ठरवा. मला एवढंच सांगा, पुस्तक कधी मिळणार? नाताळच्या आदल्या रविवारी कमिटी वर्ग बघायला येणार आहे. मुलं त्या पुस्तकासाठी येतायत. पुस्तक नसलं तर ती येणार नाहीत, मग तुम्ही बाकं मोजाल आणि वर्ग बंद कराल."

"वर्गाचा आणि ह्याचा संबंध नाही," उजागरे म्हणाले.

"तुम्ही सूचक आहात, साहेब. तुमचा तरी आहे."

पाळकांना कुणालाही दुखवायचं नव्हतं. अशा वेळी ते नेहमी बाहेरच्या माणसाचं मत मागवत. ते माझ्याकडे वळले. "योएल, तू पेपरवाला आहेस. चित्रकाराला फोन लाव. चूक कबूल केली तर आपण मुलांना तसं सांगू."

प्रकाशकाकडून नंबर घेऊन मी पाळकांच्या फोनवरून गोंजारींना फोन लावला. फोनला स्पीकर नव्हता. ते जे म्हणत ते मी मोठ्याने सांगत होतो.

मी विचारलं, मागी म्हणजे मागणारे असं तुम्हाला कुणी सांगितलं?

"कोण कशाला सांगंल?" गोंजारी म्हणाले. "मजकूर आला. पूर्वेकडून मागी लोक आले. आमच्याकडं पहाटंच्या पारी पूर्वेकडून जे येत्यात ते मागायलाच येत्यात."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. खजिनदार हसले, आणि चहा अजून आला नाही हे लक्षात येऊन थांबले.

"मागी म्हणजे ज्ञानी असा अर्थ आहे, साहेब. तारे बघून सांगणारे," मी फोनमध्ये म्हणालो.

"मग पिंगळा काय बघून सांगतो? चूल?"

हेही मी सांगितलं.

"म्हणजे तुम्ही मुद्दाम काढलं, की चुकून?" मी विचारलं.

मग गोंजारी म्हणाले, "छापून झालंय न्हवं आता? पोरं काय म्हणत्यात?"

"पोरांना आवडलंय."

"मग राहू द्या," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"कबूल केली का चूक?" पाळकांनी विचारलं.

"नाही. नाकारलीही नाही."

चहा आला. खजिनदार म्हणाले की पुस्तकाची किंमत कुणी दिलेली नाही, तेव्हा ते फाडण्याचा अधिकार कमिटीला पोचत नाही, फार तर दुरुस्ती करता येईल. पाळकांना हे पटलं. त्यांना दुरुस्ती हा शब्दच आवडायचा. सोनेरी कागदाचे मुकुट कापून तिघांच्या डोक्यावर चिकटवावेत असं त्यांनी सुचवलं.

तेव्हा उजागरे म्हणाले, "दोघांना राहू दे."

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"वासुदेव चालेल. पिंगळाही चालेल. लोक त्यांना मान देतात. तिसरा झाका."

"तिसऱ्याने काय केलं?" आईने विचारलं.

"मुलं घाबरतील. ते केस, तो कोरडा."

"मुलांना तिसराच सगळ्यात आवडतो," बाई म्हणाल्या. "वर्ग सुटला की रुमालाचे कोरडे करून खेळतात."

"तेच म्हणतोय मी." उजागरेंचा आवाज चढला नाही, पण त्यांनी बशी टीपॉयवर ठेवली. "तिसरा झाकला तर पुस्तक द्यायला माझी हरकत नाही. नाहीतर मी राजीनामा देतो."

पाळकांना राजीनाम्याची फार भीती वाटायची, कारण मागच्या वेळी एका राजीनाम्यातून गावात दुसरं चर्च निघालं होतं. ठराव लिहिला गेला. पुस्तकातील तिसऱ्या व्यक्तीस प्रत्येक पानावर योग्य ती वस्त्रे द्यावीत. एकमताने मंजूर. उघड्यानागड्याला वस्त्र देण्याचा आमच्या मंडळीचा बऱ्याच वर्षांतला हा पहिलाच ठराव होता.

"खळ कोण आणणार?" बाईंनी विचारलं.

"घरी कणीक असेल ना," उजागरे म्हणाले.

बाईंनी त्या आठवड्यात मिठाईच्या खोक्याचा सोनेरी कागद आणि पिवळा घोटीव कागद आणून पानापानावर पोतराजाला झगा आणि मुकुट चढवला. खळ त्यांनी घट्ट शिजवली होती. त्यांचं कुठलंच काम ढिलं नसायचं. मी त्यांना विचारलं, तुम्ही विरोध का नाही केला?

"योएल, मला वर्ग ठेवायचाय," त्या म्हणाल्या. "पोतराज मुलांच्या डोक्यात बसलाय. तिथे कुणी कागद चिकटवू शकत नाही."

नाताळच्या आदल्या रविवारी कमिटीला बघता यावा म्हणून वर्ग उपासनेनंतर ठेवला होता, आणि शब्बाथशाळेची खोली गच्च भरली. मुलं बाकांवर, सतरंजीवर, खिडकीच्या कट्ट्यावर होती. मागे भिंतीशी एक खुर्ची ठेवली होती आणि तिच्यावर कमिटीतर्फे उजागरे बसले होते. ठरावाची अंमलबजावणी झाली की नाही आणि पटसंख्या किती, अशा दोन गोष्टी त्यांना बघायच्या होत्या. मी पुरवणीचा मजकूर अजून दिला नव्हता, म्हणून दाराशी उभा होतो.

बाईंनी वाचायला सुरुवात केली. पहिल्याच पानावर मुलांनी कुजबूज केली.

"बाई, पोतराज कुठे गेला?"

"तिथेच आहे. आज त्याने झगा घातलाय."

"थंडी वाजत होती का?"

"वाजली असेल."

मुलांनी हे मान्य केलं. पण झगा बाईंनी सगळीकडे पुठ्ठ्याच्या एकाच मापाने कापला होता आणि पोतराजाचा हात लांब होता. प्रत्येक पानावर सोनेरी राजाच्या झग्याखालून घुंगरांचे पाय दिसत होते आणि बाहीतून कोरड्याचं टोक बाहेर आलं होतं. त्या दिवशी एक नवीन मुलगा आला होता, त्याने आधीचं वाचन ऐकलेलं नव्हतं.

"बाई, राजाच्या हातात शेपूट का आहे?"

सगळे हसले. शेरॉन पगारे मात्र हसली नाही.

"शेपूट नाही ते," ती म्हणाली. "त्याने तो स्वतःला मारतो. पण का मारतो ते बाईंनी सांगितलंच नाही."

"मला नीट माहीत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी पुस्तकावरून मान वर केली. "त्याला झगा घालायला उजागरेसाहेबांनी सांगितलंय. त्यांना विचार."

शेरॉन उठली. सतरंजीवरच्या मुलांवर पाय पडू न देता ती खुर्चीपाशी गेली.

"आजोबा, तो स्वतःला का मारतो?"

उजागरेंनी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे. दारात मी होतो.

"लोक सहजी दाणे देत नाहीत, म्हणून," ते म्हणाले.

"मारल्यावर देतात?"

"देतात. बघवत नाही म्हणून देतात."

"दुखत नाही?"

"आवाज मोठा होतो. लागतं त्या मानाने कमी. मनगट सोडून फिरवायचा असतो, म्हणजे टोक पाठीवर चापटीसारखं बसतं. आवळून धरला तर कातडं निघतं." ते बोलता बोलता थांबले. त्यांचा उजवा हात मांडीवरून थोडा उचलला गेला होता. तो त्यांनी परत खाली ठेवला. "घरी असला की खुंटीला असतो. पोरांनी त्याला हात लावायचा नसतो."

"कुणाच्या घरी?"

खोलीत बाहेरच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता.

"आमच्या," उजागरे म्हणाले.

मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. खिडकीतल्या एकाने विचारलं, "मग तुमच्याकडे घुंगरू पण होते?"

"होते."

"आणि केस?"

"वडलांचे होते. इथपर्यंत." त्यांनी कोटावरून कमरेशी हात नेला.

आता मुलं सतरंजीवरून वळून त्यांच्याकडे तोंड करून बसली. बाई पुस्तक उघडं धरून तशाच उभ्या होत्या, पण त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"मग याने बाळाला काय दिलं?" नव्या मुलाने विचारलं. "वासुदेवाने सोनं दिलं. कंदीलवाल्याने ऊद दिला. याचं दिसतच नाही."

शेवटच्या पानावर झग्याखाली पोतराजाचे हात पूर्ण झाकले गेले होते, कोरड्याचं टोक तेवढं दिसत होतं. ज्या मुलांनी आधी पुस्तक ऐकलं होतं ती एकदम बोलायला लागली. कुणी म्हणालं जोंधळे, कुणी म्हणालं घुंगरू, कुणी म्हणालं कोरडाच खाली ठेवला.

"कोरडा कसा ठेवेल, तो तर हातात आहे," शेरॉन म्हणाली.

"इकडे आणा," उजागरे म्हणाले.

बाईंनी पुस्तक हातोहात मागे दिलं. उजागरेंनी चष्मा कपाळावर घेतला, पान डोळ्यांजवळ धरलं. त्यांनी ते पुस्तक पहिलं पान बघूनच जप्त केलं होतं, शेवटचं पान त्यांनी कधी बघितलेलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी अंगठ्याच्या नखाने झग्याची कड उचकटली. कड सुटली. ते हळूहळू ओढू लागले. मुलं भोवती गोळा झाली.

कणकेची खळ होती आणि ती रूथबाईंनी शिजवलेली होती. झगा निघाला, पण खालचं चित्र घेऊन निघाला. पोतराजाचे पाय राहिले, डोकं राहिलं. मधे, हात होते तिथे, कागदाचा पांढरा चट्टा राहिला.

उजागरे त्या चट्ट्याकडे बघत बसले.

"काय दिलं, आजोबा?"

"केस," ते म्हणाले.

"केस?"

"केस दिले. त्या वेळच्या पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याआधी कात्रीने कापले. मिशनच्या विहिरीपाशी. मी लहान होतो, तुझ्यापेक्षा लहान. मी रडत होतो, आमचे वडील ओळखू येईनात म्हणून." त्यांनी पुस्तक मिटलं आणि शेरॉनच्या हातात दिलं. "मग ते मिशनच्या शाळेत शिपाई लागले. मारून घ्यायचं बंद झालं."

चित्रात त्याच्या हातात काय होतं ते मी नीट पाहिलं नव्हतं. झगा चिकटवताना बाईंनी पाहिलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"बरोबर आहे," बाई मुलांना म्हणाल्या. "केस दिले. आता प्रार्थनेला हात जोडा."

घरी जाताना मी आईला म्हणालो, उजागरेसाहेबांचं हे कुणाला माहीत नसेल.

"सगळ्यांना माहीत होतं," आई म्हणाली. "विचारलं कुणी नव्हतं. आपलंही कुणी विचारत नाही."

"आपलं काय?"

"पिशवी दुसऱ्या हातात घे. भाजी चेंगरतेय."

पुरवणीसाठी मी चारशे शब्द लिहून दिले. पाचव्या पुस्तकाबद्दल दीडशे शब्द होते. मुळेसाहेबांनी ते काढले. शेजारी मोरपिसांच्या टोपीचं चित्र बघून ते म्हणाले, "हे आषाढात वापरू," आणि त्या जागी केकची कृती टाकली.

जानेवारीच्या वार्षिक बैठकीत वर्ग विलीन करण्याचा ठराव कार्यक्रमपत्रिकेवर होता. पटसंख्या भरपूर असल्यामुळे तो पडेल असं बाईंना वाटत होतं. तो पडला नाही, कारण तो मांडलाच गेला नाही. पाळकांनी विषय पुकारला तेव्हा चिटणीस उजागरे आधीच्या बैठकीचं इतिवृत्त वाचत होते आणि त्यांनी मान वर केली नाही. पाळकांनी दुसऱ्यांदा पुकारलं. मग पाळकांनीच 'विषय पुढील बैठकीवर' असं म्हटलं, आणि उजागरेंनी तेवढं मात्र लगेच लिहून घेतलं. आईने हे मला फोनवर सांगितलं.

पुढच्या जानेवारीतही तसंच झालं. त्याच्या पुढच्याही. ठराव मागे घ्यायला उजागरे तयार नव्हते, मागे घेतला तर कारण द्यावं लागलं असतं. मांडायलाही तयार नव्हते. दर वर्षी तो त्यांच्याच हस्ताक्षरात पत्रिकेवर येई आणि त्यांच्याच हस्ताक्षरात पुढे ढकलला जाई. दरम्यान पाळक बदलले, इंग्रजी 'किड्स चर्च'मध्ये प्रोजेक्टर आला, रूथबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. काही वर्षं बाकं भरली, काही वर्षं नाही. नामदेव गोंजारींचं ते पुस्तक पुन्हा छापलं गेलं नाही. शेवटच्या पानावर पोतराजाच्या हातात खरं काय होतं ते मी बाईंना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी मला चहा घेणार का विचारलं.

अमोस उजागरे या वर्षी जूनमध्ये गेले. सूचक हयात नसेल तर प्रलंबित ठराव आपोआप रद्द होतो, की दुसऱ्या कुणाला तो मांडता येतो, याबद्दल चर्चच्या घटनेत काहीच नाही. नवीन पाळकांनी वरच्या कार्यालयाकडे लेखी विचारणा केली आहे. त्यांचं म्हणणं, ठराव मांडायला दोघं तयार आहेत, आणि दोघांचीही मुलं लहानपणी बाईंच्याच वर्गात होती. परवा आईचा फोन आला होता. वरच्या कार्यालयाचं उत्तर अजून आलेलं नाही. येत्या रविवारी वर्गात चार मुलं असतील असा बाईंचा अंदाज आहे.